धुकंबाईंची खिडकी आणि तीन कोरी पुस्तकं

हे मी लिहिणारच नव्हते. धुकंबाईंनीच मोडता घातला होता. "माझ्यावर काय लिहिणार गं तू? दोन ओळींत संपेन मी," असं म्हणाल्या, आणि मीही मान डोलावून गप्प बसले. पण काही गोष्टी पोटात राहतच नाहीत, त्याला काय करणार? बाईंनी रागवायचं तर रागवावं.

तर धुकंबाई म्हणजे पुस्तकांची मुखपृष्ठं काढणाऱ्या बाई. हे नाव त्यांना प्रकाशनाच्या ऑफिसात पडलं, कारण काहीही सांगा, बाईंच्या चित्रात धुकं येणार म्हणजे येणारच. खुनाची कादंबरी द्या, प्रेत धुक्यात. वाळवंटातली द्या, उंट धुक्यात. "बाई, वाळवंटात कुठलं आलंय धुकं?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "पहाटे असतं." वाळवंट त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, त्यातल्या एकीत त्या आणि त्यांचं उतरतं टेबल, दुसरीत त्यांची नणंद आणि नणंदेचा रेडिओ. दोघींचेही नवरे केव्हाच गेले, आणि मग दोघी एकमेकींच्या वाट्याला आल्या. खालून दिवसभर पंपाचा फुस्स फुस्स आवाज, वर रंगाचा वास आणि रेडिओची खरखर. कुणी जिना चढून आलं की नणंदबाई आतूनच ओरडायच्या, "वहिनी, उठा, कुणीतरी आलंय!" आणि धुकंबाई म्हणायच्या, "झोपले नाहीये वन्सं, काम करतेय."

आणि ते खरंच होतं, कारण बाईंची कामाची पद्धतच तशी. त्या कादंबरी वाचत नसत. लेखकालाच समोर बसवायचं आणि म्हणायचं, सांगा. मग तो सांगत असताना या डोळे मिटून खुर्चीत मागे रेलायच्या. मान हळूहळू एका बाजूला कलायची. एक लेखक तर चिडून मधेच उठून गेला होता, म्हणाला, "माझ्या नायिकेच्या मरणाला यांचा डोळा लागला!" पण डोळा लागलेला नसायचा. शब्द कानात शिरता शिरता पातळ होत जायचे, त्यांचा वाफेसारखा काहीतरी पडदा व्हायचा आणि त्या पडद्याच्या पलीकडे काहीतरी उभं राहायचं. पूल, दार, ओली पायरी. बाई ते येईपर्यंत थांबायच्या. डोळे उघडले की चित्र झालेलं असायचं, राहायचं ते नुसतं हाताचं काम.

आता या वेळची कादंबरी होती एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईंची. पहिलीच. त्या म्हणाल्या, समोर बसून माझी जीभ वळत नाही, मी फोनवरच सांगते. म्हणून मग धुकंबाई रिसीव्हर कानाला लावून, डोळे मिटून, दुपारच्या दुपारी ऐकत राहिल्या. कादंबरीत एक ऑपरेटर मुलगी असते. सगळं गाव ती आवाजांवरून ओळखते, चेहरा मात्र एकाचाही नाही. आणि रोज एक म्हातारा आवाज तिला एकच नंबर जोडून द्यायला सांगतो, आणि पलीकडे रोज नुसती रिंग वाजत राहते, कुणीच उचलत नाही.

"मग पुढे काय होतं?" नणंदबाईंनी विचारलं.

"पुढचं मी ऐकलंच नाही. मला खिडकी दिसली."

ती खिडकी म्हणजे, मी पाहिलीय म्हणून सांगते, करड्या-निळ्या धुक्यात बुडालेली एक भिंत, भिंतीत उजेड असलेली एकच खिडकी आणि तिच्यातून निघालेली एक बारीक तार. तार बाहेर येते, थोडी झोके घेते आणि धुक्यात विरघळून जाते. माणूस कुठेच नाही. ते चित्र बघताना आपण हळू बोलायला लागतो.

आता प्रकाशनाचे धाकटे मालक. हे लहानपणी बाईंच्या रंगात बोटं बुडवून भिंती रंगवायचे, म्हणून अजूनही "मावशी" म्हणतात. वडील थकले, कारभार यांच्याकडे आला आणि डोक्यात कल्पनांचा नुसता बाजार. एका सकाळी जिना चढून आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. कडेवर बसले म्हणजे काहीतरी नकोसं सांगायचं असणार, हे बाईंना पक्कं माहीत.

"मावशी, या वेळी ना, मुखपृष्ठ वाचकांनाच निवडू द्यायचं ठरवलंय. तीन डिझाइनं करतोय. एक तुमचं, आणि दोन एका मुलीकडून, कॉम्प्युटरवर. वाचनालयात ठेवू. वाचकांचा कौल."

"आणि माझं नाही आवडलं तर?"

धाकट्या मालकांनी खिशातून पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. "तर मग... पुढची सगळी कामं त्या मुलीकडेच देऊ म्हणतोय. तुम्हालाही जरा आराम."

"आराम!" आतून नणंदबाई. "आराम म्हणे! अरे, आराम नको म्हणून तर त्या हातात ब्रश धरतात. नाहीतर दिवसभर माझ्याशी बोलावं लागेल ना त्यांना!"

धुकंबाईंनी हातातला ब्रश पाण्यात बुडवून ठेवला. पण त्यांना धास्ती वाटली ती काम जाण्याची नव्हती. ती जुनी होती. आयुष्यभर त्यांनी मुखपृष्ठं काढली, पण ते चित्र कुणी बघतं का, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. लेखक स्वतःचं नाव बघतो. दुकानदार गठ्ठा बघतो. आणि वाचनालयात तर काय, पुस्तक जरा खिळखिळं झालं की बाइंडिंगला जातं, वरचं चित्र फाडून टोपलीत आणि पुस्तकाला तपकिरी पुठ्ठा. वाचनालयातली कपाटं बघा एकदा, सगळी तपकिरी. एवढं धुकं घातलं आयुष्यभर, आणि ते कुणाच्या डोळ्यांपर्यंत तरी पोचलं का? आता वाचकच सांगणार होते. हो किंवा नाही.

वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलावर तीन डमी ठेवल्या. डमी म्हणजे पानं सगळी कोरी आणि वर मात्र खरंखुरं कव्हर, पुस्तक हातात कसं दिसेल ते कळावं म्हणून छापखानेवाले करतात तसं. एकावर जुन्या काळ्या टेलिफोनचा फोटो, इतका ठसठशीत की रिसीव्हर उचलावासा वाटेल. दुसऱ्यावर नुसती मोठी लाल अक्षरं. तिसऱ्यावर बाईंची खिडकी. शेजारी कागदाच्या बारीक पट्ट्यांचा ढीग. ज्या पुस्तकावर जीव जडेल त्याच्या पानांत एक पट्टी सरकवायची, बस.

बाई रोज तिथे जाऊन बसायला लागल्या. समोर मासिक उघडं, नजर टेबलावर. कुणी वाकलं की यांचा जीव टांगणीला. एकानं फोन उचलला, खिडकी उचलली, दोन्ही ठेवली आणि घड्याळ बघून निघून गेला. एका मुलीनं खिडकीवरून बोट फिरवलं, तारेवरून, तार संपते तिथपर्यंत, आणि मग बोट तसंच हवेत धरून उभी राहिली. बाईंना वाटलं आपल्याच पाठीवरून कुणी बोट फिरवलं. दुपारचं ऊन टेबलावरून सरकायचं, पंखा सावकाश फिरायचा, पानं उलटल्याचा आवाज यायचा, आणि बसल्या बसल्या बाईंना वाटायचं की आपण त्या चित्रातच आहोत, खिडकीच्या आतल्या बाजूला, आणि बाहेरून लोक डोकावतायत.

मग त्यांना सर्दी झाली. नाक चोंदलं, घसा बसला, नणंदेनं दाराला कडी घातली आणि म्हणाली, "वाचक काही पळून जात नाहीत. गप पडा."

वाचक नाही पळाले. पुस्तक पळालं.

निकालाच्या सकाळी बाई वाचनालयात आल्या तर टेबलावर दोनच डमी. फोन आणि लाल अक्षरं. मधे रिकामी जागा. धाकटे मालक आले होते, आम्ही दोन-चार नेहमीचे वाचकही होतो, आणि ग्रंथपाल मॅडम टेबलाखाली वाकून बघत होत्या.

"इथेच होतं हो! परवापर्यंत इथेच..." आणि मॅडम एकदम थांबल्या. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "अगं बाई."

"काय झालं?"

"ते दिलं मी. म्हणजे... काउंटरवर कुणीतरी पुस्तक ठेवलं आणि मी शिक्का मारून दिलं. माझा हात आपोआप चालतो हो! समोर पुस्तक आलं की तो शिक्का मारतो, मला विचारतसुद्धा नाही."

"कोरं पुस्तक? घरी दिलंत?"

"उघडून कोण बघतं!"

सगळे हसले, धुकंबाई सोडून. कारण त्या पुस्तकाबरोबर त्यातल्या सगळ्या पट्ट्याही गेल्या होत्या.

धाकट्या मालकांनी घसा साफ केला. "मावशी, असं आहे, दुपारी फाइल छापखान्यात जायलाच हवी. नसलेल्या पुस्तकाची मतं कशी मोजणार मी?"

"कुणी नेलं?" बाईंनी ग्रंथपाल मॅडमना विचारलं. आवाज बसलेला, नुसती फुंकर.

मॅडमनी डोळे मिटून आठवलं. "कव्हरसकट द्या म्हणाले... हां! टेलरकाका! कव्हरसकट मागणारा आमच्याकडे एकच माणूस. नवं पुस्तक आलं की बाइंडिंगला जायच्या आधी द्या म्हणून मागे लागतात. बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखाली बसतात."

"मी आणते. दुपारपर्यंत थांब," बाई धाकट्या मालकांना म्हणाल्या, आणि शाल डोक्यावरून घेऊन निघाल्याही.

बाहेर खरोखरचं धुकं पडलं होतं. मी मुद्दाम घातलेलं नाही, पडलं होतं. दुकानांच्या पाट्या अर्ध्याच दिसत होत्या, सायकलची घंटा आधी यायची आणि सायकल मागाहून. बाई चालत होत्या आणि त्यांना कळत नव्हतं की आपल्याला भीती कसली वाटतेय. पुस्तक हरवल्याची, की ते सापडल्याची? सापडलं आणि त्यात पट्टीच नसली तर?

टेलरकाकांचं दुकान म्हणजे जिन्याखालची तिरकी जागा. मागे भिंत, बाजूला भिंत, समोर मशीन भिंतीकडे तोंड करून. खिडकी नाही, झरोका नाही. एक बल्ब. आणि मशीनच्या वर, दोऱ्याच्या रिळांच्या फळीवर, बरोब्बर डोळ्यांसमोर, टेकून उभं केलेलं ते पुस्तक.

"चेन बदलायचीय का?" काकांनी मान न वळवता विचारलं.

बाई जागीच थांबल्या. आपलं चित्र त्यांनी कायम हातभर अंतरावरून पाहिलं होतं, नाकाला रंग लागेल एवढ्या जवळून. वाचनालयात ते टेबलावर आडवं पडलेलं होतं, आज पहिल्यांदाच समोर उभं, लांबून. बल्बचा पिवळा उजेड त्यावर पडला होता आणि त्या कोंदट जागेत ती खिडकी चक्क उघडी वाटत होती. गार हवा येत असल्यासारखी.

"हे पुस्तक..."

"वाचनालयाचं आहे. मुदत आहे अजून," काका पटकन म्हणाले. "कुणी पाठवलं तुम्हाला? मॅडमनी?"

"कसं आहे?"

"काय?"

"पुस्तक."

"काय माहीत. उघडलंय कुणी!"

बाई स्टुलावर बसल्या. काकांनी पॅडलवरचा पाय उचलला, मशीन थांबलं.

"असं बघा, वाचायला मला वेळ नाही. मला लागतं हे असं, समोर. भिंतीकडे बघून माणूस किती शिवणार? म्हणून एक आणायचं, लावायचं, कंटाळा आला की बदलून दुसरं. वाचलं की बिघडतं. आत भलतीच माणसं निघतात."

"आणि या खिडकीत कोण आहे?"

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि खरंच बघितलं, जणू आत्ता कोण आलंय ते बघून सांगायचंय. "कधी माझी बहीण असते. लांब राहते ती. कधी कुणीच नसतं, दिवा तसाच ठेवून जरा बाहेर गेलेलं असतं कुणीतरी. येईल. तेवढ्यात माझी एक पँट होऊन जाते." मग जरा ओशाळून म्हणाले, "हसाल तुम्ही. पण ती तार दिसतेय ना? संध्याकाळी डोळे दुखायला लागले की मी तिच्यावरून चालत बाहेर जातो. थोडं फिरून येतो."

बाई हसल्या नाहीत. नाक आधीच चोंदलेलं, आता डोळेही.

"मी काढलंय ते," म्हणाल्या.

काकांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "धुकं काढणाऱ्या तुम्ही? अहो, मग त्या पुलाचं काय केलंत तुम्ही? मागे एका पुस्तकावर पूल होता, त्याचं दुसरं टोकच काढलं नाहीत! आठवडाभर मी नुसता चालतोय, चालतोय..."

"पोचलात का?"

"पुस्तक परत करायची वेळ आली ना!"

आणि मग बाई हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. काकांनी तांब्या पुढे केला, पाणी पिऊन झालं तेव्हा कुठे त्यांना आठवलं आपण कशाला आलोय ते. त्यांनी सगळं सांगितलं, वाचकांचा कौल, पट्ट्या, धाकटे मालक, दुपार.

"या पट्ट्या मतं आहेत होय?" काकांनी पुस्तकातून डोकावणारी टोकं कुरवाळली. "मला वाटलं कुणीतरी खुणा करून ठेवल्यात. म्हटलं एवढ्या जागा आवडल्यात म्हणजे पुस्तक चांगलं असणार. हलवल्या नाहीत मी."

"द्या मग. मी नेऊन दाखवते."

"छे! माझ्या नावावर आहे. मीच नेणार." काकांनी बल्ब बंद केला, कोट चढवला आणि पुस्तक छातीशी धरून निघाले. बाई मागून. गंमत म्हणजे आता त्यांचेच पाय जड झाले होते. जिन्याखालच्या अंधारात ती भिंत परत नुसती भिंत झाली होती, आणि त्यांना वाटलं, कशाला मोजायचं? इथेच असू दे की. पण काका पुढे ताडताड चालत होते, धुक्यातून त्यांचा नुसता कोट दिसत होता, आणि बाई त्या कोटाच्या मागे मागे गेल्या.

वाचनालयात सगळ्यांसमोर पट्ट्या काढल्या. ग्रंथपाल मॅडमनी एकेक करून टेबलावर मांडल्या, फोनच्या एका रांगेत, खिडकीच्या दुसऱ्या, लाल अक्षरांच्या तिसऱ्या. लाल अक्षरांची लवकर संपली. बाकीच्या दोन रांगा बरोबरीनं पुढे सरकत राहिल्या, सरकत राहिल्या, आणि खिडकीची थांबली. फोनची अजून थोडी पुढे गेली.

मॅडमनी शेवटची पट्टी बोटानं सरळ केली.

"थोडक्यात गेलं, मावशी," धाकटे मालक म्हणाले, आणि ते खरंच हळू आवाजात म्हणाले.

"थांबा," टेलरकाका म्हणाले. "मी वाचक नाही? मला पट्टी कुणी दिली?" त्यांनी ढिगातून एक पट्टी उचलली आणि ती सरकवायला पुस्तक उघडलं, ते आणल्यापासून पहिल्यांदा. कोरं पान. दुसरं कोरं. त्यांनी भराभर उलटली. "हे काय! एवढ्या लोकांनी खुणा केल्या, त्या कोऱ्या पानांवर?"

मग जे हसू फुटलं ते ग्रंथपाल मॅडमनी "शांतता राखा" म्हणूनही थांबेना, कारण त्याच सगळ्यांत जास्त हसत होत्या. काकांची पट्टी धरूनही रांग तोकडीच पडली. पण हसून झाल्यावर धाकटे मालक त्या डमीकडे बघत राहिले. उचलली, लांब धरली, जवळ आणली.

"मावशी, मलपृष्ठावर घेऊ या का हे? मागच्या अख्ख्या पानावर?"

बाईंच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. "मागे बारकोड असतो रे. आणि किंमत. आणि कुणाकुणाची स्तुती."

"स्तुती काढून टाकू. बारकोड कोपऱ्यात."

"मागच्या दारानं घेतोयस मला."

"मागची बाजू म्हणजे काय कमी असते का?" टेलरकाका मधेच बोलले. "अहो, शिवण सगळी उलट्या बाजूनंच मारतात. आणि मी काय, पुस्तक उलटं लावेन फळीवर. झालं!"

बाई वाकून टेबलावरच्या रांगेकडे बघायला लागल्या. फोनच्या नाही, स्वतःच्या रांगेकडे. तोकडी होती, पण रांग होती. एकेक पट्टी म्हणजे एकेक माणूस, उभं राहून बघितलेलं. मग म्हणाल्या, "बारकोड धुक्यात बुडव. आणि पुढची कामं त्या मुलीला दे, मला चालेल. तिला म्हणावं, कधी जमलं तर ये. डोळे मिटून ऐकायचं कसं ते दाखवते."

घरी पोचल्यावर नणंदबाईंनी तोंड बघूनच विचारलं, "हरलात?"

"हरले, वन्सं."

"मग ही कळा हसरी कशी?"

"एक माणूस माझ्या तारेवरून फिरायला जातो," धुकंबाई म्हणाल्या आणि खुर्चीत रेलून त्यांनी डोळे मिटले. नणंदेनं रेडिओ बारीक केला. तीस-चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

कादंबरी आली आहे. पुढे काळा फोन, मागे खिडकी. बाई आता दुपारी कधीकधी जिन्याखालच्या त्या स्टुलावर बसलेल्या असतात, काका शिवतात आणि दोघं भिंतीकडे बघतात. मुखपृष्ठाचं नवं काम त्यांच्याकडे नाही, पण त्या पुलाचं दुसरं टोक काढायला घेतलंय असं ऐकलं. काकांनी तगादाच लावलाय.

माझं एवढंच म्हणणं आहे. तुमच्याही घरात एखादं पुस्तक असेल ज्याचं कव्हर तुम्ही कधीतरी नुसतं बघत बसला होता, वाचायचं विसरून. त्याच्या आत, सुरुवातीच्या पानांत, अगदी बारीक अक्षरात ते चित्र काढणाऱ्याचं नाव असतं. आपण ते कधी वाचत नाही. वाचा. ते माणूस कुठल्यातरी दुकानावरच्या खोलीत बसलेलं असेल आणि त्याला पक्कं वाटत असेल की कुणी बघतच नाही. शोधा त्याला. फोनबिन नको, जिना चढून जा, समोर बसा आणि सांगा तुम्हाला काय दिसलं ते. या आठवड्यातच जा. प्लीज.